नारिंगाचा ‘न’

स्पॅनिश माणूस आपल्या जोडीदाराला ‘अर्धं संत्रं’ म्हणतो! मेदिया नारांखा. आपली अर्धांगिनी, तसं त्यांचं हे. (बॉईज होस्टेलने लगेच वह्या काढू नयेत, पुढे वाचा.) सिव्हिलवाल्यांसाठी खास माहिती: अर्धगोल घुमटालाही तिकडे मेदिया नारांखाच म्हणतात. सेव्हिलच्या आल्काझार राजवाड्यात 1427 सालचा असा एक सोनेरी लाकडी घुमट आहे.

मी यंदा हौसेने स्पॅनिशचा क्लास लावलाय. फळांच्या धड्यात हा नारांखा भेटला. लिहिताना शेवटी ‘ज’चं अक्षर, बोलताना मात्र घशातून ‘ख’. ‘ज’ लावून वाचला आणि चमकलेच. नारांजा... नारंग... अहो, हे तर आपलं नारिंग!

आणि खरंच तसं आहे. मूळ शब्द बहुधा द्राविडी, तमिळमध्ये आजही नारत्तै आहे. संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज. अरबांनी झाड आणि शब्द दोन्ही स्पेनला नेले. ते संत्रं कडू होतं. सेव्हिलच्या रस्त्यांवर अजून तीच कडू संत्री लगडतात आणि इंग्रज त्यांचा मार्मलेड करून खातात. गोड संत्रं नंतर आलं, मूळचं चीनकडचं. म्हणून प्वेर्तो रिकोत संत्र्याला सरळ ‘चीना’ म्हणतात. स्पेनमध्ये कुणी थापा मारल्या तर ‘नारांखास दे ला चीना!’ म्हणजे, ‘हॅट्, काहीतरीच!’ आमच्या मेसच्या मेनूवर लिहायला हरकत नाही.

स्पॅनिशने ‘न’ नीट जपला. इटालियन, फ्रेंच लोकांच्या तोंडी मात्र तो आधीच्या ‘उना’, ‘उन’मध्ये विरघळून गेला. इंग्रजांनी शब्द फ्रेंचांकडून उचलला तो असा बिन‘न’चाच, आणि कॉन्व्हेंटमध्ये तोच माझ्या वाट्याला आला.

आमच्या आजीचं एक नारिंगी लुगडं आहे. मी त्याला कायम ऑरेंज म्हणायचे. ती म्हणायची, “तुझ्याशी बोलायचं म्हणजे दुभाषा लागतो गं बाई.” हसून म्हणायची, पण मला ते लागायचं. आता कळतंय की आम्ही दोघी एकच शब्द म्हणत होतो, माझ्यातला ‘न’ तेवढा वाटेत फ्रान्समध्ये पडला.

दिवाळीत तिला नारांखा म्हणायला शिकवणार आहे. तिचे दात गेलेत, पण या ‘ख’ला दात लागतच नाहीत.