वाघोलीच्या खाणींकडे जाताना

पुण्याहून नगर रस्त्याने निघालात की वाघोली लागते. २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेत गेले. इथल्या आणि पलीकडच्या भावडीच्या दगडखाणी मात्र त्याआधीपासूनच्या. काळ्या दगडाचे कापलेले कडे, तळाशी साचलेले पाणी आणि झाडापानांवर पांढरा धुरळा. पुण्यातल्या कितीतरी इमारतींना इथलीच खडी लागली. खडीवाचून आपल्या गावचा डांबरी रस्ताही झाला नसता, हेही खरेच.

सुरुंगाच्या आधी भोंगा वाजतो, लाल निशाण लागते, माणसे थांबवतात. मग पायाखालची जमीन हलते. खाणवाल्याचा तो रोजचा बार. शेजारच्या घरात मांडणीवरची भांडी वाजतात आणि नजर आधी भिंतीकडे जाते.

हा हादरा कमी करता येतो बरे का! सगळी भोके एकदम न उडवता, सेकंदाच्या काही हजारांश भागांच्या अंतराने एकामागून एक उडवतात. दगड तितकाच फुटतो, धक्का मात्र वाटला जातो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली शेजाऱ्यांच्या घरांसाठी मर्यादा आखून दिली. कंपने सेकंदाला आठांहून कमी असतील, तर जमिनीच्या हालचालीचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरपुढे जाता कामा नये.

तुमच्या शिवाराशेजारी खाण निघत असेल, तर पहिला बार उडण्याआधीच भिंतींचे आणि विहिरीच्या बांधकामाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. नाहीतर तडा जुना की नवा, यातच वर्ष जाते. आणि कंपने मोजायचे यंत्र खाणीच्या कचेरीत नको, तुमच्या ओट्याशी लावायला सांगा.