इंजिन उपाशी की बुडालेले?

आम्ही आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. मुंबईत शिकलो, तेथेच पहिली नोकरी केली आणि 1986 साली यजमानांसह कॅनडास आलो. अशा बाईने इंजिनाविषयी लिहावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. परंतु एका जुन्या बोटीने आम्हाला जे शिकविले ते ज्यांच्या घरी बोट आहे, किंवा ज्यांची मुले ती घेऊ पाहत आहेत, त्यांच्या कानावर घालणे आम्ही कर्तव्य समजतो.

लहानपणी आमचा जलप्रवास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. तिचे इंजिन डिझेलचे. त्यात कार्बोरेटर नाही, स्पार्क प्लगही नाही. ती धडधडत, धूर सोडीत जाई, पण पेट्रोलच्या वाफेची भीती तिला नव्हती. बोटी सगळ्या अशाच, अशी आमची समजूत होती.

टोरांटोच्या उत्तरेस सुमारे तासाभराच्या वाटेवर लेक सिमको आहे. तळे म्हणायचे, पण विस्तार सातशे चौरस किलोमीटरहून अधिक; अख्खी बृहन्मुंबई त्यात मावेल. हिवाळ्यात ते गोठते, म्हणून बोट ऑक्टोबरपासून मेपर्यंत शेडमध्ये पडून असते. आमच्या मुलाने 2019 साली तेथे अठरा फुटी जुनी बोट घेतली. इंजिन मागच्या बाजूस झाकणाखाली, पेट्रोलवर चालणारे, कार्बोरेटरवाले. पहिले दोन उन्हाळे आनंदात गेले. नंतर तिने एक खोड धरली. भर वेगात उत्तम चाले, पण धक्का जवळ आला आणि वेग कमी केला की खोकल्यासारखा आवाज करून बंद पडे. मग पुन्हा सुरू होता होत नसे.

एका कारागिराने पेट्रोल पोचत नाही असे निदान केले आणि फिल्टर व पंप बदलून दिला. पैसे बरेच गेले. दुखणे मात्र वाढले.

2022 च्या जुलैतील एका रविवारी आम्ही, यजमान, मुलगा, सून आणि दोन नातवंडे फिरून परतत होतो. डब्यातले वडे संपले होते, मुले पेंगुळली होती. धक्क्याच्या अलीकडे खडकांचा बांध आहे. त्याच्यासमोर इंजिन बंद पडले आणि वारा बोटीला खडकांकडे लोटू लागला. मुलगा घाबरला. थ्रॉटलचा दांडा पुढे-मागे करी, चोक ओढी, पुन्हा स्टार्टर फिरवी. म्हणाला, "आई, पेट्रोल मिळत नाही त्याला!"

तेवढ्यात आमच्या नाकाला पेट्रोलचा वास आला, आणि एकदम चाळीस वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. वॉर्डात एका वृद्ध गृहस्थास सलाईन चालू होते. त्यांना धाप लागली. एका नवशिक्या मुलीला वाटले, अशक्तपणा आहे; तिने सलाईनचा वेग वाढविला. आमच्या सिस्टरबाई धावत आल्या, त्यांनी नळी बंद केली आणि रोग्याला उठवून बसविले. त्यांच्या फुप्फुसांत पाणी साठत होते. ज्याला रोगी बुडत होता तेच आणखी दिले जात होते. ती नवशिकी मुलगी म्हणजे आम्हीच.

आम्ही ओरडलो, "अरे थांब! किल्लीवरचा हात काढ!" यजमानांनी नांगर टाकला. सुनेने मुलांना बोटीच्या पुढच्या टोकाला नेले आणि लाइफ जॅकेटचे पट्टे तपासले. कोणत्याही बटणास हात न लावता इंजिनावरचे झाकण उघडले. आतले लोखंड पेट्रोलने ओले होते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती बोटीच्या तळाशी बसून राहते; एक ठिणगी पुरे. आम्ही पुन्हा इंजिन सुरू केलेच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात केले. अर्ध्या तासाने एका बोटवाल्याने दोर बांधून आम्हाला धक्क्यास आणले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या धक्क्यावरचे एक निवृत्त मेकॅनिक आले. त्यांनी हत्यारांना हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले: केव्हा बंद पडते? वेगात की संथ चालताना? आम्हाला ते गृहस्थ तेव्हाच आवडले. ते म्हणाले, पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन संथ चालेल आणि वेगात मरेल, कारण भूक वेगात वाढते. पेट्रोल जास्त होत असेल तर वेगात ते जादाचे पेट्रोल जाळून टाकते आणि संथ चालताना बुडते. उपाशी आणि बुडालेले, दोन्ही बंदच पडतात. उपचार मात्र अगदी उलटे.

मग तपासणी झाली. प्लग काढले तर काळे आणि ओले. तेल मोजण्याची पट्टी काढली तर तेल खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास, म्हणजे जादाचे पेट्रोल झिरपून तेलात उतरले होते. अशा पातळ तेलावर इंजिन चालविले तर बेअरिंगे जातात, म्हणून तेल बदलावेच लागले. कार्बोरेटरच्या तोंडावरची जाळी काढून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर इंजिन बंद असूनही आत पेट्रोल ठिबकत होते.

कार्बोरेटरची रचना आपल्या संडासाच्या फ्लशच्या टाकीसारखी असते. पेट्रोल भरले की तरंगता फ्लोट वर येतो आणि सुईसारखी झडप वाट बंद करतो. आमच्या सुईखाली काळे कण अडकले होते. झडप मिटतच नव्हती. नवा पंप तर त्या उघड्या दारातून आणखी जोराने पेट्रोल ढकलीत होता. आणि कण आले कोठून? जुन्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटत होते. कॅनडात डिसेंबर 2010 पासून पेट्रोलमध्ये सरासरी पाच टक्के इथेनॉल बंधनकारक झाले, ओंटारियोत 2020 पासून सरासरी दहा टक्के. जुन्या नळ्यांना ते मानवत नाही. नुसती सुई धुतली असती तर आठवड्याने तेच झाले असते. म्हणून नळ्या, फिल्टर, सुई आणि तिची बैठक असे सारेच बदलले. फ्लोटही कानाशी हलवून आत पेट्रोल शिरले नाही ना, हे पाहिले.

त्यांनी आणखी दोन गोष्टी बजाविल्या. गाडीचा कार्बोरेटर स्वस्त मिळतो म्हणून बोटीस लावू नये. बोटीच्या कार्बोरेटरमधून उतू जाणारे पेट्रोल इंजिनातच जाते, गाडीच्या मात्र बाहेर सांडू शकते. आणि इंजिन थोडा वेळ चालून बंद पडत असेल, नि टाकीचे झाकण उघडताच पूर्ववत चालत असेल, तर टाकीचा हवेचा मार्ग चोंदला आहे असे समजावे. तो आजार उपासमारीचा.

नव्या बोटींत बहुधा कार्बोरेटर नसतो, "इंजेक्शन" असते. हे ऐकून यजमान म्हणाले, "मग तुमचेच खाते!"

त्यानंतर बोट एकदाही तशी बंद पडली नाही. येथे नियम आहे की पेट्रोलचे इंजिन बंद जागेत असेल तर सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे ब्लोअर चालवून वाफ बाहेर काढावी. आमची नात घड्याळ धरून ती चार मिनिटे मोजते आणि म्हणते, "आजी, आता वास बघ." आम्ही वाकून वास घेतो. आम्ही मान हलविल्याशिवाय मुलगा किल्लीला हात लावीत नाही.