अर्कोनियाचे शेजारी

विनोदी डिटेक्टिव्ह म्हटलं की आईबाबांच्या पिढीला अजून 'करमचंद'च आठवतो. 1985 सालचं दूरदर्शन, गाजर खाणारा पंकज कपूर आणि 'शट अप किटी'! आमच्या पिढीचं तसं काही नव्हतं. म्हणजे 2021 पर्यंत नव्हतं. त्या वर्षी 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' आली आणि माझे बरेच वीकेंड कामी आले.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये 'अर्कोनिया' नावाची जुनी, भारदस्त बिल्डिंग. (नाव खोटं, पण बाहेरून दिसते ती खरी. मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइडला 'बेलनॉर्ड' आहे, तीच. शंभरहून जास्त वर्षं जुनी, मध्ये मोठ्ठा चौक.) तिथे राहणारी तीन माणसं. चार्ल्स, म्हणजे स्टीव्ह मार्टिन, एकेकाळी टीव्हीवर डिटेक्टिव्हचं काम करायचा, आता एकटाच राहतो. ऑलिव्हर, म्हणजे मार्टिन शॉर्ट, फ्लॉप नाटकांचा दिग्दर्शक, मेंटेनन्स थकलेला, जेवणाऐवजी नुसते डिप्स खाऊन राहणारा. आणि मेबल, म्हणजे सेलेना गोमेझ, या दोघांच्या नातीच्या वयाची, मावशीच्या फ्लॅटमध्ये राहणारी. तिघांना एकच व्यसन, खुनांवरचे पॉडकास्ट ऐकण्याचं. एक दिवस त्यांच्याच बिल्डिंगमध्ये टिम कोनो नावाचा माणूस मेलेला सापडतो. पोलीस म्हणतात आत्महत्या. हे म्हणतात खून, आणि स्वतःच पॉडकास्ट सुरू करतात. बस्स.

डिटेक्टिव्ह म्हणून तिघंही महाबोगस आहेत. पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी शेरलॉक होम्सकडेही नव्हती. ते तिथेच राहतात! लिफ्टमध्ये कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं मांजर कुठे फिरतं, हे सगळं त्यांच्या नजरेसमोर आहे. फक्त आजवर त्यांनी ते पाहिलेलं नाही. खून होईपर्यंत या तिघांचीही एकमेकांशी ओळख नसते. वर्षानुवर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून! मला ही सिरियल आवडते ती यासाठी. खुनी कोण हे मी दुसऱ्यांदा पाहताना अर्धवट विसरलो होतो आणि काही बिघडलं नाही.

दुसऱ्या एपिसोडमध्ये टिम कोनोसाठी शोकसभा भरते. आता इथे लोकांनी चार बरे शब्द बोलावेत ना? एकालाही एक चांगली आठवण सांगता येत नाही. टिम खडूस होता, टिम तक्रारी करायचा, वगैरे. रहिवाशांना खरं दुःख आहे ते हॉवर्ड नावाच्या शेजाऱ्याच्या मांजरीचं, कारण तीही नेमकी तेव्हाच मेलीय. मी खो खो हसलो. आणि मग आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॅप ग्रुप आठवला. तिसऱ्या मजल्यावरचे काका गेल्याचा मेसेज, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि सातव्या का आठव्या मेसेजला "आज टँकर किती वाजता येणार?" कुणाला वाईट म्हणायचं नाहीये हो. पाणी तर लागतंच. पण मग त्या एपिसोडला नुसतं हसता येईना.

टिमला लहानपणापासून ओळखणारं माणूस म्हणजे मेबल. तीही ते लपवून ठेवते. असो, पुढचं सांगत नाही.

सातवा एपिसोड मात्र सांगायलाच हवा. 'द बॉय फ्रॉम 6बी'. (इथून थोडे स्पॉयलर, ज्यांना चालत नाहीत त्यांनी दोन पॅरा सोडा.) जवळजवळ अख्खा एपिसोड संवादाशिवाय आहे. कारण तो थिओच्या बाजूने दाखवलाय, आणि थिओला ऐकू येत नाही. काम करणारा जेम्स कॅव्हर्ली स्वतः कर्णबधिर आहे. आतापर्यंत आपण या तिघांची अखंड बडबड ऐकत आलोय, आणि अचानक सगळं दबकं, पाण्याखालून आल्यासारखं. थिओ समोरच्या खिडक्यांतून लोकांचे ओठ वाचतो. ज्याला सगळ्यांनी गृहीत धरलं, त्याला बिल्डिंगमधलं सगळ्यात जास्त ठाऊक आहे! कॉमेडी सिरियलने अर्धा तास तोंड बंद ठेवायचं म्हणजे केवढी हिंमत लागते. आमच्याकडे स्टँडअप मीटिंगमध्ये दहा सेकंद शांतता झाली तरी मॅनेजर "हॅलो, ऑडिबल?" करतो.

दुसऱ्या सीझनचा तिसरा एपिसोड माझ्या मते त्याहून भारी. तो आहे बनी फोल्गरचा. बनी म्हणजे सोसायटीची चेअरमन म्हणा ना. नियम, थकबाकी, नोटिसा. ऑलिव्हरच्या मेंटेनन्सच्या मागे हात धुऊन लागलेली. पहिल्या सीझनभर आपण तिच्यावर हसतो, आणि शेवटी मेबलच्या फ्लॅटमध्ये तिचाच खून होतो. तर या एपिसोडमध्ये तिचा शेवटचा दिवस सकाळपासून दाखवलाय. घरात तिचा पोपट, बाहेर तिचं ठरलेलं खाण्याचं ठिकाण. आयुष्य त्या बिल्डिंगमध्ये घालवल्यावर ती रिटायर होऊन फ्लोरिडाला निघालीय. पण पाय निघत नाही. तिची जागा घेणाऱ्या बाईला सगळं नवं करायचंय, त्यावरून भांडण होतं, आणि बनी जाणं रद्द करते. जेफ डॅनियल्स, मेरिल स्ट्रीप असले मोठे पाहुणे नसताना, जेन हौडीशेलने एकटीने हा एपिसोड ओढून नेलाय.

(मेरिल स्ट्रीप पुढे तिसऱ्या सीझनमध्ये येते. जेफ डॅनियल्स येतच नाही, माझं आपलं उदाहरण.)

रात्री ती शॅम्पेनची बाटली घेऊन आपल्या तिघांच्या दारात येते. यांनी केस सोडवलीय, म्हणून अभिनंदन करायला. एरवीचा तोरा नाही. आत या असं कुणीतरी म्हणेल म्हणून जरा रेंगाळते. हे तिघं बाटली घेतात, थँक यू म्हणतात, आणि कधी जाते एकदाची अशा चेहऱ्याने उभे राहतात. आणि ती जाते.

आपल्याला माहीत असतं ना, रात्री काय होणार आहे ते. मी तिथे पॉज करून चहा टाकला.

2025 पर्यंत पाच सीझन झाले. मधले काही ओढूनताणून वाटतात, पाहुण्या स्टार्सची गर्दी फार झालीय. सगळं बघायला वेळ नसेल तर पहिला सीझन पूर्ण बघा आणि बनीचा एपिसोड. तेवढं एका लाँग वीकेंडमध्ये आरामात बसतं.