दबक्याचं माप

जरदोजीचं, म्हणजे धातूच्या तारेच्या भरतकामाचं काम हातात आलं की माझी नजर आधी नक्षीतल्या पानाच्या टोकाकडे जाते. तिथे दबका कसा कापलाय, यावरून कारागिराचा हात कळतो.

दबका म्हणजे बारीक तारेची पोकळ स्प्रिंग. हवा तेवढा तुकडा कापायचा, मण्यासारखा सुईत ओवायचा आणि कापडावर आडवा बसवायचा. तुकडा केसभर लांब झाला तर मधेच कमान करून उठतो. आखूड पडला तर टोकाशी दोरा उघडा पडतो. दोरा जास्त ओढला तर वेटोळी सुटतात आणि पुन्हा मिटत नाहीत. त्यात पानाचा प्रत्येक टाका वेगळ्या लांबीचा: देठाशी इवलासा, पोटाशी मोठा, टोकाला पुन्हा इवलासा. पट्टी लावून हे जमत नाही. मी अजूनही कात्री चालवण्याआधी तुकडा नक्षीवर धरून बघते. मुंबईत ज्या अड्ड्यावर मी शिकले, तिथले उस्ताद नुसत्या अंदाजाने कापत आणि तुकडा चपखल बसे.

अड्डा म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर कापड ताणून बांधतात, सुईने भोकं पाडलेल्या खाक्यावरून नक्षी उतरवतात आणि दोन्ही बाजूंना कारागीर मांडी घालून बसतात. मुंबईत हे काम करणारे बरेचसे हात उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले. लखनौच्या जरदोजीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण अड्ड्यावरच्या माणसाची मजुरी मानांकनाने आपोआप वाढत नाही.

खऱ्या जरीत रेशमावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. आता बाजारात बहुतेक तांब्याची, नाहीतर प्लास्टिकची जर मिळते. तांब्याच्या जरीला मी कमी लेखत नाही. नीट बसवली तर ती देखणीच दिसते. प्लास्टिकच्या जरीवर मात्र माझा जीव बसत नाही. हाताला तिचं वजनच लागत नाही.

ब्लाउजवर हे काम करायला टाकाल तेव्हा लग्न आठवड्यावर आल्यावर येऊ नका. मशीनच्या भरतकामाचा दर दाखवून घासाघीस करू नका. आधी कामावरून बोट फिरवा, पानाची टोकं बघा, मग भावाचं बोला. आणि घरी नेल्यावर जरीवर अत्तर मारू नका, घडीत डांबरगोळ्या ठेवू नका. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला.