कवड्यांना रागावून पाहिलं

संक्रांतीच्या आधी गव्हाला ऊन द्यावं म्हणून कोठी उपसायला घेतली, तर वीतभर खाली हाताला काहीतरी कडक लागलं. काढून बघते तर आमच्या चिरंजीवांची शुद्धलेखनाची वही! "शाळेत हरवली" म्हणून तीन आठवड्यांपूर्वी जिच्यासाठी त्याने बोलणी खाल्ली, नि मी दुसरी वही आणून दिली, तीच ही. शेवटच्या पानावर तांबड्या शाईत वीसपैकी सहा.

मैत्रिणींनो, पहिल्यांदा राग आला हे कबूल करते. पण गव्हाचे दाणे झटकत ती वही हातात धरून बसले, तेव्हा रागाची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. दहा वर्षांचं पोर माझ्यापासून वही लपवतं, आणि तीही मी सहसा हात घालत नाही अशी जागा शोधून! मी स्वतः एका शाळेत रोज तीन तास शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना धीर देणारी बाई म्हणून माझी ख्याती. आणि घरात हे?

सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "लेकराला धाक हाय म्हणून तर लपिवली. धाक पायजेच. कौतुकानं पोर वाया जातं, मी सांगते तुला."

खरं सांगायचं तर माझंही मत काही वेगळं नव्हतं. आणि माझ्याकडे पुरावा होता! दुधाचा हिशेब मी ज्या कॅलेंडरवर लिहिते, त्याच्याच चौकटीत दर शनिवारचे त्याचे मार्क टिपलेले असतात. सहा मिळाले, चांगली खरडपट्टी काढली, पुढच्या शनिवारी बारा. सतरा मिळाले, शिरा केला, आणि पुढच्या शनिवारी तेरा! असं एकदा नव्हे, वर्षात चार-पाच वेळा झालेलं. रागावलं की मार्क चढतात, कौतुक केलं की उतरतात. यापेक्षा स्वच्छ हिशेब कोणता?

त्या रात्री निजानीज झाल्यावर ट्रंकेतलं बी.ए.चं मानसशास्त्राचं पुस्तक काढलं. परीक्षेसाठी घोकलेलं: निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली, चाचणी, प्रयोग. तेव्हा वाटलं होतं, हे सगळं प्रयोगशाळेतल्या लोकांचं काम. आपण पास झालो, सुटलो. आता पंधरा वर्षांनी कोठीतल्या वहीने ते पान पुन्हा उघडायला लावलं.

पुस्तकातली पहिली गोष्ट अगदी साधी होती. जे दिसलं ते, आणि त्यावरून जे वाटलं ते, या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. मी एका जुन्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. आठ दिवसांनी पान पाहिलं तर उजवी बाजू भरगच्च : आळशी झालाय, लक्ष नाही, मुद्दाम करतो. डावी बाजू जवळजवळ कोरी! ‘आळशी’ म्हणजे मी नक्की काय पाहिलं होतं? सकाळी उठायला दहा मिनिटं उशीर? तेवढंच असेल तर आमच्या घरात आणखी एक मोठे आळशी आहेत, त्यांचे मार्क कोणी टिपत नाही!

यावरून कमलाभवानीच्या विहिरीची आठवण झाली. आमच्या करमाळ्याच्या देवीच्या देवळाला शहाण्णव खांब आणि विहिरीला शहाण्णव पायऱ्या, हे मी इथे सून म्हणून आले तेव्हापासून ऐकते आहे. एकदा मुलांना घेऊन पायऱ्या मोजल्या. माझ्या चौऱ्याण्णव झाल्या, मुलीच्या सत्त्याण्णव. भांडण जुंपलं. मग लक्षात आलं की वरची चौथऱ्याची फरशी तिने धरली होती, मी नव्हती. मधले रुंद टप्पे मी एक धरत होते, ती दोन. पायरी कशाला म्हणायचं हेच आधी ठरलं नव्हतं! दगडाच्या पायऱ्यांची ही गत, तर ‘हुशार’, ‘आळशी’, ‘हट्टी’ हे शब्द आपण पोरांना किती बिनदिक्कत चिकटवतो. दोन माणसांनी वेगवेगळं मोजून उत्तर जुळलं, तरच त्या मोजण्यावर भरवसा ठेवायचा, हा या शास्त्राचा फार शहाणा नियम आहे.

मोजपट्टी दुसऱ्याची असली तर आणखी पंचाईत. पॅरिसमध्ये बिने आणि सिमोन या दोघांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धीची पहिली चाचणी केली. पण पॅरिसच्या पोराला विचारलेला प्रश्न आपल्याकडच्या पोराला कसा चालावा? म्हणून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी ती चाचणी नव्याने बसवली. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० साली आलं. नुसतं भाषांतर करून भागत नाही. कोणता प्रश्न आपल्या मुलांना कोणत्या वयात सुटतो, हे खऱ्या मुलांना बसवून तपासावं लागतं. पुढे पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तीही मानसशास्त्राच्या अभ्यासातूनच. म्हणजे हे शास्त्र काही सातासमुद्रापलीकडचं नाही.

पण माझ्या कॅलेंडरच्या पुराव्याचं काय? त्याचं उत्तर एका गोष्टीत सापडलं. डॅनिएल काहनेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, २०२४ साली ते गेले. १९६० च्या दशकात ते इस्रायलच्या हवाई दलातल्या शिक्षकांना सांगत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगलं शिकतो. तेव्हा एक अनुभवी शिक्षक उठून म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. विमान छान चालवणाऱ्याचं कौतुक केलं की पुढच्या वेळी तो बिघडतो, आणि वाईट चालवणाऱ्यावर ओरडलं की सुधारतो. अगदी माझ्या सासूबाई! काहनेमननी जमिनीवर एक खूण केली आणि शिक्षकांना तिच्याकडे पाठ करून दोनदा नाणं फेकायला लावलं. पहिली फेक ज्यांची उत्तम पडली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांची दुसरी बिघडली. ज्यांची वाईट, त्यांची सुधारली. आणि मध्ये कोणी कोणाला शाबासकी दिली नव्हती की दम भरला नव्हता!

मला काही ते पटेना. म्हणून देवघरातल्या फडताळातून सहा कवड्या काढल्या. दुपारी सासूबाईंना म्हटलं, "या, खेळू. कमी कवड्या उताण्या पडल्या तर तुम्ही रागवायचं, जास्त पडल्या तर मी कौतुक करायचं." सासूबाई खेळात रंगल्या. दोन किंवा कमी पडल्या की "मुडद्यांनो, नीट पडा की!" म्हणून दरडावायच्या. चार किंवा जास्त पडल्या की मी "शाब्बास गं बायांनो" म्हणायची. तीस वेळा टाकल्या. नऊदा कमी पडल्या, त्यातल्या सात वेळा पुढचं दान वाढलं. आठदा जास्त पडल्या, त्यातल्या सहा वेळा पुढचं दान घसरलं. बाकीची दानं मधली, तीनची.

कागद पुढे ठेवून विचारलं, "आता सांगा, कवड्यांना तुमचा धाक आहे का?"

सासूबाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्या बोलण्याचं काईच न्हाई?"

गोम अशी आहे, की प्रत्येकाची एक सरासरी असते. एखादा शनिवार फार वाईट गेला, तर त्यात थोडं न येण्याचं असतं, आणि थोडं झोप न झाल्याचं, अवघड शब्द नेमके येण्याचं, नशिबाचंही असतं. नशीब दर शनिवारी तितकंच वाईट नसतं. म्हणून फार खाली गेलेलं पुढच्या वेळी बहुधा वर येतं, फार वर गेलेलं बहुधा खाली येतं. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हेच दाखवलं होतं. आपण मात्र नेमकं खाली गेल्यावरच रागावतो, मग मार्क वर आले की श्रेय आपल्या रागाला देतो. वर्षानुवर्षं!

याचा अर्थ रागावण्याचा काहीच परिणाम होत नाही असा नव्हे. परिणाम होतो की नाही हे माझ्या कॅलेंडरवरून कळत नाही, एवढंच. ते कळायचं तर सारख्याच मार्कांच्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतील. एकाला रागवायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग दोघांची तुलना करायची. याला म्हणतात प्रयोग. पण चिठ्ठी काढून मुलांना टाकून बोलायचं? ते काही होणे नाही. कायद्यानेही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. आणि अमेरिकेत १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला मोठा आवाज करून पांढऱ्या उंदराची भीती घातली, तो प्रयोग आज शिकवतात तो असं करू नये म्हणूनच.

रागावण्याचा प्रयोग करता येत नसला, तरी न रागावता नुसतं बघत राहता येतं. माझ्या वर्गातल्या अडतीस मुलांना मी दोन शनिवार शुद्धलेखन घातलं, आणि मध्ये कोणाला बरं-वाईट काही बोलले नाही. पहिल्या वेळी तळाच्या दहांची सरासरी सात होती, ती दुसऱ्या वेळी दहा झाली. वरच्या दहांची सतरा होती, ती पंधरा झाली. एका वर्गावरून, दोन शनिवारांवरून मी जगाला काही सांगणार नाही. पण एवढं कळलं, की जी चढ-उतार मी माझ्या जिभेची करामत समजत होते, ती जीभ न हलवताही होते.

राहिली मुलाखत. ती सगळ्यात अवघड गेली. मी आधी मुलाला विचारलं होतं, "तुला काय माझी भीती वाटते का रे?" तो "नाही" म्हणाला. मी खूश! बर्लिनला हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा, पाय आपटून उत्तर द्यायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की तो विचारणाऱ्याच्या मानेची, अंगाची बारीक हालचाल बघून थांबायचा. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की घोड्यालाही येत नसे. माझ्या प्रश्नातच मला हवं ते उत्तर होतं, पोराने ते ओळखून दिलं.

म्हणून एका रविवारी शेंगा निवडताना, त्याच्याकडे न बघता म्हटलं, "शनिवारी शाळा सुटल्यापासून काय काय होतं ते सांग बरं."

तो शेंगा फोडत सांगत गेला. "पोटात दुखतं. मग मी चौकातून लांबच्या रस्त्यानं येतो. घरी आलो की तू आधी हात पुसतेस, मग वही मागतेस. तू वही उघडलीस की आजी टीव्ही बंद करते."

टीव्ही बंद होतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. डाव्या बाजूला लिहायची गोष्ट, वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होत होती!

संध्याकाळी सासूबाईंना हे सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र पुढच्या शनिवारी तो आला, मी हात पुसले, वही घेतली, आणि टीव्ही चालूच राहिला. आठ मार्क होते. कोणते शब्द चुकले ते आम्ही दोघांनी मोजले. बारातले नऊ नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाचे निघाले. म्हणजे बारा दुखणी नव्हती, मोठं एकच होतं. हे मला मार्कांच्या आकड्यावरून कधी कळलं नसतं, कारण रागाच्या भरात मी चुका वाचतच नव्हते.

पुढच्या वेळी अकरा मिळाले. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाल्या, "शाब्बासकी देऊ का? का कवड्यावानी आपोआपच वर आलं?"

म्हटलं, "आपोआप असलं तरी द्या."

त्यांनी त्याला जवळ घेतलं. कोठीतली जुनी वही मी दप्तराशेजारीच ठेवली आहे, गव्हाचे दोन दाणे अजून तिच्या शिवणीत अडकलेले आहेत. कॅलेंडरवर मात्र आता फक्त दुधाचा हिशेब असतो.