आईचं फ्युचर क्रूझ क्रेडिट

'रिफंड' या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? 'परतावा' म्हटलं की इन्कम टॅक्सवाले आठवतात. 'पैसे परत' म्हटलं की दुकानातली ती पाटी डोळ्यांसमोर येते, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' वाली. दिलेला पैसा परत येतो अशी आपली अपेक्षाच नसावी, म्हणून शब्दाचीही कधी गरज पडली नसेल, असं मला आपलं वाटतं. भाषातज्ज्ञांनी मनावर घेऊ नये.

हा विचार सुचायचं कारण म्हणजे "त्या क्रूझचं शेवटी काय झालं गं?" हा प्रश्न. दोन माम्या, एक आत्तेबहीण आणि ऑफिसातली अर्धी मंडळी विचारून झाली आहेत. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता एकदाच लिहून टाकते. यापुढे विचारणाऱ्याला लिंक पाठवणार.

तर 2024 च्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. वय 78. बाबा गेल्यानंतरची ही तिची पहिली खेप, आणि "हीच शेवटची हो, आता एवढं विमान नाही झेपत" असं तिने आल्याआल्या जाहीर केलं होतं. नायगारा, वॉशिंग्टन वगैरे मागच्या खेपांत उरकलं होतं. तिला विचारलं, तुला अजून काय बघायचंय? ती म्हणाली, "बघायचं काही नाही. एकदा बोटीत बसायचंय."

बोट म्हणजे काय ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. आईचं माहेर देवगडचं. तिच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच. चंद्रावती, रोहिदास ही नावं ती आजही शाळेतल्या मैत्रिणींची घ्यावीत तशी घेते. बोट लांब समुद्रात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावातून तिथवर जायचं, लाटेने पडाव वर उचलला की खलाशी दंडाला धरून वर ओढून घ्यायचे. मग डेकवर वळकटी पसरायची, शेजारी कुणाची तरी आंब्याची पेटी, कुणाची कोंबडी, आणि रात्रभर कुणाला ना कुणाला बोट लागतेय. सकाळी भाऊचा धक्का. त्या डेकवरून दिसणारं आभाळ पुन्हा कुठे दिसलं नाही, असं आई म्हणते. ती बोट बंद झाली त्यालाही कितीतरी वर्षं झाली.

म्हणून आम्ही तिघांची बर्म्युडाची क्रूझ बुक केली. 16 ऑगस्टला निघायचं, आठवड्याने परत. अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर बर्म्युडाला वेगळा व्हिसा लागत नाही, हे कंपनीला आणि बर्म्युडाच्या सरकारी साइटवर, दोन्हीकडे तपासून घेतलं. बाल्कनीची खोली घेतली, कारण बाल्कनीत बसून चहा पिताना पाणी दिसलं पाहिजे. श्रावण असल्यामुळे शाकाहारी जेवणाची नोंद केली. आईने फक्त एकच शंका काढली. "नारळी पौर्णिमा 19 ला आहे. तिच्याआधी कोण समुद्रात जातं?" मी म्हटलं, आई, हे पंधरा मजली जहाज आहे. ती म्हणाली, "असू दे. समुद्र तोच ना?"

बुधवारी 14 तारखेला रात्री आठ वाजता ईमेल आली. अर्नेस्टो नावाचं चक्रीवादळ बर्म्युडाच्या रोखाने निघालंय, तेव्हा आपल्या सुरक्षिततेसाठी जहाज बर्म्युडाऐवजी कॅनडाला जाईल. हॅलिफॅक्स आणि सेंट जॉन. खाली आनंदी चेहऱ्याच्या लोकांचा फोटो.

वादळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अर्नेस्टो खरोखरच 17 तारखेला बर्म्युडावर धडकलं. तिथे जहाज नेणारा कप्तान वेडाच म्हटला असता. आणि ज्या घरात 'रामदास' बोटीची गोष्ट ऐकत मुलं मोठी होतात (17 जुलै 1947, रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली), त्या घरात "हवामान खराब आहे, जाणार नाही" यावर कुणी वाद घालत नाही.

प्रश्न होता तो कॅनडाचा. आम्हा दोघांकडे अमेरिकन पासपोर्ट, आम्हाला व्हिसा लागत नाही. आईला लागतो. आणि तो दोन दिवसांत मिळत नाही, कित्येक आठवडे लागतात.

इथे एक माहिती, जी मला त्या रात्री दीड वाजता कळली. तुम्ही म्हणाल, बर्म्युडा नाही तर अमेरिकेतलीच दोन बंदरं फिरवून आणायची, परदेश हवाच कशाला? तर 1886 चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला निव्वळ अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये एकतरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं. आणि ही मोठी जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या झेंड्यांखाली नोंदलेली. म्हणजे न्यू यॉर्कच्या बाजूने निघालेल्या जहाजाला बर्म्युडा बंद झालं की कॅनडाच जवळ. करोनाच्या काळात कॅनडाने क्रूझना बंदी केली, तेव्हा अलास्काच्या जहाजांसाठी 2021 मध्ये अमेरिकन संसदेला खास तात्पुरता कायदा करावा लागला, इतका हा जुना नियम पक्का आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बोटवाल्यांच्या धंद्याचं रक्षण करायला केलेला कायदा, तो देवगडच्या एका म्हातारीला आडवा आला.

गुरुवारचा दिवस फोनवर गेला. एकूण पाच माणसांशी बोलले. सगळी गोड बोलत होती. सार असं की करारात दोन कलमं आहेत. एक, कंपनी कुठल्याही कारणाने बंदर बदलू शकते आणि त्याची भरपाई देणं लागत नाही. दोन, प्रवासाची कागदपत्रं ही सर्वस्वी प्रवाशाची जबाबदारी. मी विचारलं, बंदर तुम्ही बदलणार आणि त्या नव्या बंदराची कागदपत्रं आम्ही दोन दिवसांत आणायची? "येस मॅम." अडकित्त्याची दोन पाती वेगवेगळी बघितली तर दोन्ही निरुपद्रवी असतात हो. सुपारी मध्ये सापडली की कळतं.

नवरा म्हणाला, आपण इन्शुरन्स घेतलाय. घेतला होता, 'कोणत्याही कारणासाठी रद्द' वाला महागातला. त्यात खर्चाच्या 75 टक्के मिळतात. अट एकच, निघण्याच्या 48 तास आधी रद्द करायचं. शुक्रवारी दुपारी चारला निघणारं जहाज, बुधवारी रात्री आठची ईमेल. गणित तुम्हीच करा.

मग मी कायदे वाचायला लागले. 2013 मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ' या जहाजाच्या इंजिनला आग लागली आणि चार हजारांवर माणसं संडासही नीट चालत नसलेल्या जहाजावर कित्येक दिवस अडकली. त्यानंतर क्रूझवाल्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची एक यादी काढली. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे. आमचं यंत्र ठणठणीत होतं. करोनात हजारो लोकांचे पैसे महिनोन् महिने अडकले, म्हणून 2022 मध्ये अमेरिकन सागरी आयोगाचा नियम आला. सफर रद्द झाली किंवा तीन दिवस वा जास्त लांबली, तर परतावा मागता येतो. आमची सफर रद्दही नव्हती आणि लांबलीही नव्हती. ती फक्त दुसरीकडे निघाली होती! कोर्टात जावं म्हटलं तर कोणत्या गावच्या कोर्टात जायचं तेही तिकिटावरच छापलेलं असतं, आणि ते कलम चालतं असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एका क्रूझच्याच खटल्यात सांगून ठेवलंय. वॉशिंग्टन राज्यातल्या एका बाईंना जहाजावर पडून दुखापत झाली होती, त्यांना दावा लावायला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला फ्लोरिडात जावं लागणार होतं.

हे सगळं मी तावातावाने वाचून दाखवत होते. आई मटार सोलत होती. म्हणाली, "त्या फोनवरच्या मुलीवर ओरडलीस का तू?" नाही म्हटलं. "नको ओरडूस. तिने थोडंच वादळ आणलं."

आईला माहीत नसलेली गोष्ट अशी की मी ओरडले नाही याचं कारण मडगावचा एक मुलगा. 2022 मध्ये आम्ही दोघं मित्रमंडळींबरोबर एका क्रूझला गेलो होतो, आमच्या टेबलावर वाढायला तो होता. आमचं मराठी ऐकून कोकणीत बोलायला लागला. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याची सुट्टी नाही, घरी तीन वर्षांची मुलगी. त्या सफरीत वाऱ्यामुळे एक बंदर हुकलं. संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर ही रांग! मला वाटलं सगळे बंदराचे पैसे मागताहेत. बरेचसे तेच मागत होते, पण काही जण रोजची टिप आपल्या बिलातून काढून टाका म्हणत होते. हे करता येतं. माणशी दिवसाला ठरावीक डॉलर आपोआप लागतात, आणि सांगितलं तर काढतात. कंपनीचा राग, पण कापला जातो खोली झाडणाऱ्याचा आणि वाढणाऱ्याचा पैसा. काउंटरवरची मुलगी तासभर बोलणी खात हसत उभी होती. त्या मुलाला मी नंतर विचारलं, तुम्हाला राग नाही येत? तो म्हणाला, "बंदर चुकलं की आम्हाला कळतं, आज पैसे कमी." बस्स, एवढंच. मग पोळी गरम आणू का विचारलं. (पोळी म्हणजे ते नान होतं, पण असो.)

तेव्हा राग कुठे काढायचा, हा खरा प्रश्न आहे. जो ठरवतो तो काउंटरवर नसतो. जो काउंटरवर असतो तो काही ठरवत नाही. मध्ये सगळीकडे हसरे चेहरे पेरून ठेवलेले.

आम्ही तिघंही गेलो नाही. आईने "तुम्ही दोघं तरी जा, पैसे फुकट का घालवता" असा धोशा लावला होता. तिला इथे एकटी ठेवून आम्ही बाल्कनीत बसून चहा काय घशाखाली उतरवणार? सोमवारी नारळी पौर्णिमेला सुट्टी टाकली आणि तिला जर्सीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. इंडियन स्टोअरमधून नारळ घेतला होता. वादळ लांबून निघून गेलं होतं, तरी लाटा मोठ्या होत्या, पाण्यात उतरायला बंदी होती. आईने गुडघ्याएवढी साडी उचलून फक्त कडेला पाय भिजवले, नारळाला हळदकुंकू लावलं आणि सोडला. लाटेने तो परत आणून पायाशी ठेवला. पुन्हा सोडला, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी माझ्या नवऱ्याने जोर लावून भिरकावला, तेव्हा गेला. आई इतकी हसली! मग वाळूत बसून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मी विचारलं, वाईट वाटलं का? "वाटलं की," म्हणाली. "किती वर्षांनी बोटीत बसणार होते." मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण सुचलं नाही.

मग पत्रव्यवहार. बंदर शुल्क, कर आणि आधी भरलेली टिप सात आठवड्यांनी कार्डावर जमा झाली. क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केली, तिला क्रूझवाल्यांनी आमच्या मान्यतेची टिकमार्क असलेला करार दाखवला, विषय संपला. चौथ्या पत्रानंतर 'सदिच्छा म्हणून' उरलेल्या रकमेच्या निम्मं 'फ्युचर क्रूझ क्रेडिट' मिळालं. प्रत्येकाच्या नावावर वेगळं, एक वर्ष मुदत, दुसऱ्याला देता येत नाही. ते आलं तेव्हा आई देवगडला पोचून आठवडा झाला होता. तिला फोनवर समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे माझ्या नावावर बोटीत जागा आहे, पण मी तिथवर यायचं माझं मी?"

आमच्या वाट्याचं क्रेडिट आम्ही वापरलं नाही. कारण काही मोठं तत्त्वाचं नाही, नाही झालं मन.

आई-बाबांना क्रूझवर नेणाऱ्यांसाठी एवढंच. भारतीय पासपोर्ट असेल तर ठरलेल्या बंदरांचेच नव्हे, वादळ आलं तर जहाज जिथे वळेल त्या देशाचेही व्हिसे बघून ठेवा. ईस्ट कोस्टवरून निघत असाल तर कॅनडाचा आधीच काढा. वादळाच्या मोसमात जूनपासून नोव्हेंबरपर्यंत इन्शुरन्सच्या तासांच्या अटी वाचा. आणि काहीही झालं तरी टिप काढू नका.

आईच्या नावाचं क्रेडिट 2025 च्या ऑक्टोबरात संपलं. बुकिंग माझ्या ईमेलवरून केलं होतं, त्यामुळे तिच्या नावाच्या जाहिराती अजून मलाच येतात. मागच्या आठवड्यात एक आली. वर आईचं पूर्ण नाव, खाली निळाशार समुद्र, आणि मजकूर असा की फार दिवसांत आपण आमच्याबरोबर प्रवास केला नाहीत. अनसबस्क्राइबचं बटण खाली आहे. दाबलेलं नाही अजून.