आमचा रेकॉर्डर

आमच्या बैठकीच्या खोलींत दूरचित्रवाणीच्या खालच्या फळीवर एक करड्या रंगाचें चपटें यंत्र गेलीं कित्येक वर्षें बसून आहे. पाहुणे येतात, चहा घेतात, आणि उठतां उठतां त्याच्याकडे बोट करून विचारतात, "हें अजून चालतं का?" "चालतं" म्हणावें तर लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग त्याच्यावर काय करतां?" आणि "चालत नाहीं" म्हणावें तर तिसरा, "मग ठेवलंय कशाला?" अशी दोन्ही बाजूंनीं कोंडी होत असल्यामुळें अलीकडे आम्ही "चहा आणखी घ्या" एवढेंच उत्तर देतों. वाचकांना चहा पाजण्याची सोय नसल्यामुळें त्यांना मात्र खरें उत्तर देणें भाग आहे.

हें यंत्र म्हणजे डी. व्ही. डी. रेकॉर्डर. 2007 सालीं दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या गंजगोलाईंतून तें आम्हीं विकत आणलें. लातूर ते अहमदपूर या एस. टी.च्या प्रवासांत तें खोकें आम्हीं मांडीवरून एकदांहि खालीं ठेवलें नाहीं. त्या वेळीं केबलची तार त्याच्या पाठींत खोंवली कीं गांवांत येणाऱ्या साऱ्या वाहिन्या त्याला स्वतःलाच ओळखतां येत. प्रत्येक वाहिनी आपापल्या लहरीवर वेगळी येई. त्यामुळें घरचीं माणसें एक वाहिनी पाहात असतां हें यंत्र दुसरी वाहिनी मुकाट्यानें टिपून ठेवी. तारीख, वेळ आणि वाहिनी त्याला सांगून ठेवावी आणि खुशाल परगांवच्या लग्नाला निघून जावें. परत येऊन पाहावें तों कार्यक्रम तबकडीवर हजर!

खुशाल, असें म्हटलें खरें. पण त्या वर्षांत आमच्या भागांत भारनियमनाचें राज्य होतें. वीज गेली कीं यंत्राचें घड्याळ शून्यावर येई, आणि मुद्रण अर्ध्यावर तुटलें तर एखादे वेळीं सबंध तबकडी वायां जाई. म्हणून एखादा महत्त्वाचा कार्यक्रम टिपावयाचा असला कीं, मुहूर्तासाठीं पंचांग पाहावें त्याप्रमाणें आम्ही अगोदर वीज जाण्याचें वेळापत्रक पाहात असूं.

या यंत्राच्या दोन गोष्टी सांगितल्यावांचून पुढची हकीकत समजावयाची नाहीं. पहिली गोष्ट तबकडीच्या मापाची. तबकडींत 4.7 गिगाबाइट एवढी जागा. तींत उत्तम प्रतीचें चित्र हवें असेल तर 1 तास मावतो. प्रत कमी करीत गेलें तर 2, 4, आणि अगदींच ओढून ताणून 6 तास. पाहुणे वाढले कीं आमटींत पाणी वाढवावें, तसाच हा प्रकार! दुसरी गोष्ट समारोपाची. मुद्रण पुरें झालें कीं तबकडी ‘फायनलाइज’ करावी लागते. म्हणजे तींत काय काय कोठें आहे याची अनुक्रमणिका यंत्र कायमची कोरून टाकतें, आणि मग ती तबकडी कोणत्याहि घरच्या कोणत्याहि यंत्रांत चालते. मात्र आमच्या साध्या तबकडीवर त्यानंतर एक अक्षरहि नवें उमटत नाहीं. आणि समारोप केलाच नाहीं, तर ती तबकडी बहुधा जिनें लिहिली त्याच यंत्राला वाचतां येते; इतर यंत्रांच्या लेखीं ती कोरी, नाहीं तर बिघडलेली.

आतां आमच्या अण्णांविषयीं. आमचे वडील हाडाचे शेतकरी. 1932 सालीं अहमदपुरांत जन्मले, तेव्हां हा तालुका निजामाच्या राज्यांत बीदर जिल्ह्यांत होता. 1956 सालीं तो उस्मानाबाद जिल्ह्यांत आला, आणि 1982 सालीं लातूर जिल्हा नवा झाला तेव्हां त्यांत गेला. 2010 सालीं सह्याद्री वाहिनीच्या ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमासाठीं कांहीं मंडळी आमच्या रानांत आलीं. अण्णांनीं विहिरीच्या कडेला खड्डा खणून, त्यांत दगड, खडी आणि वाळू यांचे थर भरून, पावसाचें वाहून जाणारें पाणी गाळून विहिरींत सोडलें होतें. तें पाहावयास ते आले होते. मूळचे कुठले, असें त्यांनीं विचारतांच अण्णा म्हणाले, "घर एकच हाय. जिल्हे मात्र तीन झाले." आणि पाण्याविषयीं म्हणाले, "पळणाऱ्या पाण्याला जरा बस म्हणावं. पाव्हण्याला म्हणतो तसं."

एका संध्याकाळीं तो कार्यक्रम लागला. अर्ध्या तासांत अण्णा सात मिनिटें होते. तो टिपण्याचें काम अर्थातच आमच्याकडे होतें, आणि आम्हीं तें मोठ्या हिशेबीपणानें केलें. अर्ध्या तासाला उत्तम प्रतीची अर्धी तबकडी कशाला घालवावी, असा विचार करून आम्हीं 4 तासांची प्रत लावली. उरलेल्या जागेंत आणखी साडेतीन तास बसतील म्हणून समारोप केला नाहीं. अशा फुटकळ कार्यक्रमांची एक तबकडी आम्हीं ठेवलीच होती. तिच्यावर शाईनें ‘किरकोळ’ असें लिहिलेलें होतें. अण्णा त्या तबकडींत गेले.

पुढच्याच वर्षीं, 2 एप्रिल 2011 रोजीं, वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यासाठीं मात्र आम्हीं आठ नव्या तबकड्या आणल्या. प्रत उत्तम, एका तबकडीला एक तास. घरांतलें कोणी यंत्राजवळून गेलें तरी आम्हीं डोळे वटारीत होतों. सामना संपल्यावर त्याच रात्रीं आठहि तबकड्यांचा यथासांग समारोप केला, आणि वळणदार अक्षरांत 1 ते 8 आंकडे घालून त्या कपाटांत रचून ठेवल्या. त्या तबकड्या आजहि निर्दोष आहेत. इतक्या वर्षांत त्या एकदांहि पाहिल्या नाहींत, ही गोष्ट निराळी.

2014 सालीं मार्गशीर्षांत अण्णा गेले.

पुढें काळ बदलला. केबलच्या अंकीकरणाचा कायदा 2011 सालींच झाला होता. मोठ्या शहरांपासून सुरुवात होऊन उरलेल्या शहरी भागांसाठीं 31 डिसेंबर 2015 ही मुदत ठरली, आणि मागोमाग आमच्याहि घरीं नवी पेटी आली. आतां तारेंतून येतात ते नुसते अंक, तेहि कुलूप घातलेले. तें कुलूप उघडण्याची विद्या फक्त पेटीजवळ. आमच्या यंत्राला वाहिन्या ओळखण्याची जी कला येत होती ती एका दिवसांत निरुपयोगी झाली. त्याची वाहिनी लावून पाहिली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या! पुढें 2022 पर्यंत दूरदर्शननेंहि आपलीं जुन्या पद्धतीचीं बहुतेक प्रक्षेपण-केंद्रें बंद केलीं, तेव्हां गच्चीवरच्या अँटिनाचाहि आधार गेला.

तरी एक वाट उरली होती. पेटीच्या पाठींतून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन तारा काढून यंत्राला जोडल्या कीं पेटी जें दाखवील तें यंत्र टिपतें. पण यांत स्वातंत्र्य गेलें. पेटी एका वेळीं एकच वाहिनी उघडते. तेव्हां जें टिपावयाचें तेंच साऱ्या घरानें पाहावयाचें. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळीं असा हुकूम घरांत चालविणें किती कठीण, हें गृहस्थाश्रमी वाचकांना सांगावयास नको. त्यामुळें आमचें टिपणें हळूहळू बंदच पडलें. शेवटचें टिपलें तें 12 एप्रिल 2016 रोजीं. त्या दिवशीं पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरांत आली: दहा वाघिणी आणि सुमारें 5 लाख लिटर पाणी. ती बातमी आम्हीं ‘किरकोळ’ तबकडीवरच घेतली. ‘पळणाऱ्या पाण्याला जरा बस म्हणावं’ असें अण्णा सांगतात, आणि त्यानंतर थोड्याच वेळानें त्याच तबकडीवर लातूरकरांसाठीं पाणी रुळांवरून येतें. हा योग आम्हीं जुळविलेला नव्हता. तबकडींत जागा शिल्लक होती, एवढेंच.

गेल्या दिवाळींत आमचे चिरंजीव पुण्याहून आले आणि त्यांनीं यंत्राचा विषय काढला. "बाबा, हे डबडं आतां काढा. साठवायचं कशाला? पाहिजे ते, पाहिजे तेव्हां मिळतं."

आम्हांला वाद घालण्याची खुमखुमी होतीच. आम्हीं सांगितलें, मिळतें हें खरें, पण कायमचें मिळतें असें कोणी सांगितलें? भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ 1931 सालचा. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. बी. बी. सी. सारख्या संस्थेनें 1960 नंतरच्या दशकांत आपल्याच टेपा पुसून पुन्हां वापरल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग त्यांत गेले. त्या हरवलेल्या भागांचे आवाज तेवढे राहिले, तेहि प्रेक्षकांनीं घरच्या घरीं टेपवर टिपून ठेवले होते म्हणून. अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनीं 1979 पासून 2012 मध्यें मृत्यु येईपर्यंत घरांत अनेक यंत्रें लावून बातम्या अहोरात्र टिपल्या. त्यांच्या मागें सुमारें 70 हजार टेपा राहिल्या, आणि आतां तो ठेवा अभ्यासकांसाठीं जतन होत आहे. घरोघरच्या अशा वेड्यांनींच जगाची आठवण राखली आहे!

व्याख्यान चांगलें रंगलें होतें. इतक्यांत कोपऱ्यांतून आई म्हणाली, "राहूं दे की बाबा. ते काय खायला मागतंय? तिथीला एकदां ह्यांना दाखवतंय, तेवढं बास हाय."

तिच्या त्या एका वाक्यानें आमचें व्याख्यान जमिनीवर आलें. जगाची आठवण राखल्याचा आव आम्ही आणीत होतों. प्रत्यक्षांत आम्हीं काय राखलें होतें? विश्वचषकाचा सामना, जो सारें जग राखणारच होतें. आणि जीं सात मिनिटें राखण्याची जबाबदारी आमच्यावांचून दुसऱ्या कोणावरहि नव्हती, त्यांत आम्हीं पाणी वाढविलें. त्यामुळें अण्णांनीं मान हालविली कीं त्यांचा चेहरा बारीक चौकटींत फुटतो. एका तबकडीची किंमत त्या वेळीं पंधरा-वीस रुपये होती.

आणि आतां यंत्रहि थकलें होतें. तबकडी आंत घेतल्यावर मिनिट मिनिट विचार करी आणि पुष्कळदां बाहेर टाकी. चिरंजीवांनीं ती तबकडी आपल्या यंत्रांत घालून पाहिली. त्याला ती दिसेना. अजून तरी समारोप करून टाकावा, असें मनांत आलें, पण गांवांतल्या दुरुस्तीवाल्यानें यंत्र उघडून पाहिलें आणि प्रामाणिकपणें सांगितलें, "सर, ह्याचं भिंग दमलंय. वाचतंय तोवर वाचूं द्या, लिहायला लावूं नका." अनुक्रमणिका कोरतां कोरतां किरण क्षीण झाला असता तर उरलेलेंहि गेलें असतें.

मार्गशीर्षांत तिथीला चिरंजीव पुन्हां आले, ते खिशांत एक बोटाएवढें उपकरण घेऊन. त्यांची युक्ति साधी होती. तबकडीला हात लावावयाचा नाहीं. यंत्राला नुसतें दाखवूं द्यावयाचें, आणि त्याच्या पाठींतून पिवळ्या तारेनें जें चित्र बाहेर पडेल तें संगणकांत टिपावयाचें. ज्या जुन्या तारांना आम्ही यंत्राची शेवटची अगतिकता समजत होतों, त्याच आतां उपयोगीं पडल्या. या कामांत घाई चालत नाहीं. अर्ध्या तासाला अर्धा तासच लागतो. पहिल्यांदां यंत्रानें तबकडी बाहेर टाकली. दुसऱ्यांदांहि टाकली. तिसऱ्यांदां बराच वेळ घरघर झाली, आणि अण्णा विहिरीच्या कांठीं उभे राहिलेले दिसले. तो सबंध अर्धा तास आमच्या घरांत कोणी बोललें नाहीं, कीं पंख्याचें बटणहि कोणी दाबलें नाहीं.

मग नवी प्रत आईला दाखविली. तिनें क्षणभर पाहिलें आणि ती म्हणाली, "हे कोण? ह्यांचं तोंड एवढं गोल कधीं होतं?" नव्या रुंद पडद्यासाठीं चित्र आडवें ताणलें गेलें होतें, आमच्या कोणाच्या तें ध्यानांतहि आलें नव्हतें. चिरंजीवांनीं माप सुधारलें, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, आणि मध्यें अण्णा आपल्या मूळच्या अंगकाठीनें उभे राहिले. "आतां झाले," ती म्हणाली.

त्या रात्रीं एक प्रत नांदेडला बहिणीकडे गेली, एक पुण्याला, एक आमच्याजवळ राहिली. चेहऱ्याचा फुटकेपणा तिन्ही प्रतींत तसाच आहे. तो कोणत्याहि उपकरणानें जावयाचा नाहीं. प्रत करतांना चिरंजीवांनीं विचारलें, "बाबा, फाइलला नांव काय देऊं? तबकडीवर काय आहे?"

तबकडीवर ‘किरकोळ’ असें होतें. आम्हीं ती त्यांच्या हातून घेतली, तो शब्द खोडला, आणि त्याखालीं आईला चष्म्यावांचून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत ‘अण्णा’ असें लिहिलें.